वसंतभाऊंचा एकच विषय

वसंतभाऊ आमदार झाले तरी खारबांधावर दिसलेलं खेकड्याचं बीळ स्वतः चिखलानं बुजवल्याशिवाय पुढे सरकत नसत. समुद्राचं पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून घातलेला तो मातीचा बांध, हाच त्यांचा एकमेव विषय. विधानसभेत शेजारचे आमदार रस्ते, वीज, शाळा, सगळ्यांवर धडाधड बोलत. भाऊ गप्प. मी त्यांचा स्वीय सहायक. माझा जीव कासावीस व्हायचा.

"भाऊ, पेपरात नाव येत नाही आपलं."

"अरे, सगल्यावर बोलनाऱ्याला सायेब चहा पाजून पाठवतो. मी बांदाचा बोलाया लागलो का तो आदी फाइल उघरतो."

खरंच होतं ते. पण आमच्याकडे आमदार जोखतात तो हळदीच्या मांडवात. "बांधापलीकडं काय येतंय त्याला?" असं लोक म्हणू लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला भाऊंची लाज वाटू लागली.

त्या मार्चमध्ये आमच्या गावच्या खचलेल्या बांधावर त्यांची लक्षवेधी सूचना लागली होती. पावसाळ्याआधी दुरुस्ती मंजूर करून घ्यायची होती. कामकाज लांबत संध्याकाळवर गेलं, तसा मी फोन केला. "माजी सरपंचांच्या मुलाची हळद आहे, भाऊ. आज नाही आलात तर अख्खी भावकी तुटेल. सूचना काय, उद्याही घेतील."

उद्या घेत नाहीत, हे मला ठाऊक होतं. भाऊंनाही असणार. ते म्हणाले, "तू बोलतोस तं येतो." मुंबईहून मांडव्याला येणाऱ्या शेवटच्या बोटीनं आले, गालाला हळद लावून घेतली, फोटोला उभे राहिले. तिकडे सभागृहात त्यांचं नाव पुकारलं गेलं. सदस्य गैरहजर म्हणून सूचना बारगळली.

श्रावणातल्या उधाणात बांध फुटला. लावलेल्या भातात खारं पाणी शिरलं, आणि काही वर्षांसाठी ती जमीन गेलीच. ग्रामसभेत त्याच माजी सरपंचांनी विचारलं, "त्या दिवशी सभागृहात का नव्हतास?"

भाऊ उभे राहिले. "चुकलो मी. तवा तिकरं राहाया पायजे व्हतो." माझं नाव घेतलं नाही. मी मागच्याच खुर्चीवर मान खाली घालून बसलो होतो.

पुढच्या निवडणुकीत भाऊ पडले. गेल्या वर्षी वारले. मी आता नव्या आमदारांकडे आहे. ते एका संध्याकाळी चार हळदी करतात.

भाऊंच्या दहाव्याला वहिनी मला म्हणाल्या, "त्या दिशी त्यांना हलदीला कोनी बोलावला रे? शेवटपरत नाव नाय घेतला त्यांनी."

"मला माहीत नाही, वहिनी," मी म्हणालो.