वासूचं राहिलेलं काम

वासू, माझा धाकटा भाऊ, गेल्याचा निरोप दवाखान्यातून शेजारच्या भाभींच्या फोनवर आला. त्याला महिना होऊन गेला. कावीळ त्यानं अंगावर काढली, असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर त्याचं जेवण आधीच तुटलं होतं... शिरोलीच्या कारखान्यानं त्याला काढलं त्या दिवसापासून.

तिथल्या ऑफिसातले कॉम्प्युटर तो सांभाळायचा. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तरी जेवताना तो मला सगळं सांगायचा. कॉम्प्युटरच्या आत बसवलेलं एखादं जुनं कार्ड काढलं की ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तोही काढायचा. पण त्या कार्डाला कधी झोपवायचं, कधी उठवायचं, हेही मशीनमध्ये लिहिलेलं असतं. "ते पुसलं न्हाय, आक्का, तर मशीन झोपतंय, आन् उठताना नसलेल्या कार्डाची वाट बघत अडून बसतंय." मी म्हटलं, "तुझ्या दाजीगत. चहा मिळाल्याबिगर उठायचं न्हाय." तो ताटावरच हसत सुटला.

त्या दिवशी ड्रायव्हर काढून झाला होता, पुसायचं तेवढं राहिलं होतं. पाहुणे यायचे म्हणून मॅनेजरनी घाई केली. वासूनं थोडा वेळ मागितला, तर म्हणाले, निघालं न्हवं ते, मग ऊठ की. दुपारी सगळे जेवायला गेले, मशीन झोपलं ते उठलंच नाही. बंद करून चालू करावं लागलं, सकाळपासूनचं काम गेलं. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं. मॅनेजर गप्प बसले. वासूनं मुद्दाम केलं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी तो परत गेला. नोकरी मागायला नाही. एवढं पुसू द्या, मग जातो, म्हणायला. वॉचमननं गेटातच अडवलं. पुढं जिथं काम मागायला जाईल तिथं त्याच्याआधी ती बातमी पोचलेली असायची.

पुण्यानुमोदनाला मॅनेजर हार घेऊन आले. चार माणसांत म्हणाले, हात सोन्याचा होता. मग मला बाजूला बोलावून हळूच म्हणाले, "ताई, ते मशीन अजून तसंच करतंय. जेवायच्या सुट्टीत एकाला माऊस हलवत बसवतो. तुमाला काय सांगितलेलं का त्यांनी?"

परक्या माणसाशी मी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "थोडा वेळ मागितलेला त्यानं. तुमी उठीवलं."

त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं. कुणी ऐकलं नव्हतं... माझा आवाजच तेवढा. मग ते चहा घेऊन गेले.

आता घरात कुणी नसलं की मी वासूच्या खोलीत जाते, दार लावते आणि तेच वाक्य मोठ्यानं म्हणते.