दोनदा थापटलं की सोडायचं

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका कंटेनरचे कागद तपासत होते. फोन त्यांच्या भाच्याचा, रमेशचा होता. "मेधाताई, आत्या गेली... आत्ताच," एवढंच तो म्हणाला. मग मी "बरं" म्हटलं. माणूस गेल्याचं ऐकून कोणी बरं म्हणतं का? पण माझ्या तोंडून तेच निघालं आणि खरं सांगायचं तर मनातही तेच होतं. सुटल्या एकदाच्या. अकरा दिवस उशिरा सुटल्या, आणि त्या उशिरात माझा हात होता. आज पाच आठवड्यांनी लिहायला बसले आहे ते त्यासाठी. ताईंच्या शिस्तीच्या, पोलीस खात्यातल्या त्यांच्या नोकरीच्या, त्यांनी घडवलेल्या मुलींच्या आठवणी सांगणारे पनवेलमध्ये पुष्कळ आहेत. ही एक गोष्ट मात्र मलाच सांगावी लागणार.

बारा वर्षांपूर्वी कळंबोलीच्या सिग्नलला एका ट्रेलरवाल्याने माझ्या थोबाडीत मारली. न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती, मी स्कूटर मधून काढायला गेले आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याला आडवी आले. तो खाली उतरला, दोन शिव्या दिल्या आणि एक ठेवून दिली. चष्मा रस्त्यावर पडला. आजूबाजूची माणसं नुसती बघत राहिली, त्यांचं जाऊ दे. मी काय केलं? मी हात जोडले आणि "सॉरी भैया" म्हणाले. गालाची सूज दोन दिवसांत उतरली, पण ते जोडलेले हात पुढे कित्येक महिने मला दिसत राहिले, भाजी चिरताना, कागदांवर शिक्के मारताना... शेवटी ठरवलं की काहीतरी शिकायचं. वय पस्तीस. अडचण एकच होती, की मला माराची भयंकर भीती वाटते. लहानपणी वडिलांचा हात डोकं खाजवायला वर गेला तरी मी कपाटामागे असायची. थोडक्यात, मला लढायला शिकायचं होतं पण माझ्या अंगाला कोणी हात लावायचा नव्हता.

मालाची कागदपत्रं तपासणं हा माझा धंदा, त्यामुळे क्लासही मी तसेच तपासले. नवीन पनवेलमध्ये शाळेच्या मैदानावर कराटे चालायचं, तिथे मोठी माणसं समोरासमोर उभी राहून एकमेकांच्या पोटात गुद्दे घालत होती आणि मोठ्याने आकडे मोजत होती. तिथले सर हसून म्हणाले, "मॅडम, आधी खायचा, मग द्यायचा." खारघरला एका काचेच्या जिममध्ये बॉक्सिंग होतं, तिथे मला भेटायला आलेल्या ट्रेनरच्याच नाकात कापूस होता. तायक्वांदोवाल्यांनी छातीला बांधायचं जाड चिलखत दाखवलं. मी म्हटलं, हे बांधावं लागतं म्हणजे इथे लाथ बसतेच. सगळीकडे मी एकच प्रश्न विचारायची, इथे मारतात का? आणि सगळीकडे लोक हसायचे.

कुंदाताई हसल्या नाहीत. तळ्याजवळच्या एका गोदामाच्या वर त्यांचा ज्युडोचा हॉल होता. काथ्याच्या गाद्या, त्यांवर ताणून बांधलेली ताडपत्री, दाराशी एक लाकडी बाक. मी गेले तेव्हा त्या मांडी घालून हातातल्या दाभणाने फाटकी ताडपत्री शिवत होत्या. बेलपाड्याच्या आगरी घरातल्या, लग्न न केलेल्या, नोकरीतून लवकर बाहेर पडलेल्या, मनगटं माझ्या दुप्पट. प्रश्न ऐकून त्यांनी दाभण खाली ठेवलं.

"कोणी मारली तुला?"

मी कळंबोलीचं सांगितलं. हात जोडले तेही सांगितलं, जे मी घरी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"इथं मारत नाय," त्या म्हणाल्या. "इथं पाडतात. पडायची भीती हाय का?"

मी विचार केला आणि नाही म्हटलं. पडण्यात कोणाचा राग नसतो, असं काहीतरी बोलले. ताई म्हणाल्या, "मग ये सोमवारपासून. पण माराची भीती इथं जाईल असं मी सांगत नाय. ती तुजी तुला बघायची हाय." त्या वेळी मला ते बोलणं जरा तुसडं वाटलं.

पहिले दोन महिने मी नुसती पडत होते. मागे, बाजूला, पुढे. पडताना हात गादीवर सपकन आपटायचा म्हणजे पाठ वाचते. त्यानंतर पकडी आल्या आणि पकडींबरोबर ताईंचा एकमेव कायदा आला. समोरच्याने दोनदा थापटलं, तुमच्या अंगावर किंवा गादीवर, की सोडायचं. त्याच क्षणी. "इचार करायचा नाय. त्याला खरंच दुखतंय का, नाटक करतोय का, अजून जरा धरला तर चालंल का, ते तुमी ठरवायचं नाय. ज्याचा गळा हाय त्याने ठरवायचं." तो कायदा हेच माझं खरं चिलखत होतं. बोलता येत नसलं, श्वास अडकला असला तरी दोन बोटं हलवली की सगळं थांबतं, अशी दुसरी जागा मला जगात माहीत नव्हती.

आणि तो कायदा मोडला तोही मीच. दुसऱ्या वर्षी असेल, ताईंनी मला त्यांच्याच कॉलरने त्यांच्या गळ्याची पकड घ्यायला सांगितलं. पकड इतकी सुरेख बसली की माझा विश्वासच बसेना. सगळे बघत होते. ताईंनी थापटलं, आणि मी सोडलं नाही. एक श्वासभर, फार तर दोन. मला वाटलं की त्या माझी परीक्षा घेताहेत... नाही, हे खोटं आहे. मला सोडवेना, एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात कोणीतरी होतं. ताई खोकत उठल्या, गळ्यावर लाल वळ. आवाज न चढवता म्हणाल्या, "जा, बाकावर बस. जी सोडत नाय तिच्या हातात हात द्यायचा नाय." महिनाभर मी रोज जायची, ड्रेस घालून बाकावर बसायची आणि घरी यायची. एका शुक्रवारी त्यांनी माझ्याकडे न बघता "चल, ऊठ" म्हटलं आणि स्वतः समोर उभ्या राहून कॉलर माझ्या हातात दिली.

पुढची नऊ-दहा वर्षं मी त्या हॉलमध्ये जवळपास राहिलेच म्हणा ना. ताईंबरोबर शिरढोणला त्यांच्या मैत्रिणीकडे आंबे खायला जायचं, परतताना त्यांच्या ड्रायव्हिंगला शिव्या घालायच्या, त्यांनी माझ्या गोड वरणाला नावं ठेवायची. दोन वर्षांपूर्वी त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. फुप्फुसं आतून कडक होत जाणारा आजार निघाला, त्यावर औषध असं नाही. मागच्या पावसाळ्यानंतर नाकाला नळी आली. त्या बाकावर बसून शिकवायच्या, आणि मुली घरी गेल्यावर ताडपत्री शिवायच्या. असंच एकदा शिवता शिवता म्हणाल्या, "मेधा, पुढं ते मशीन लावतील. घशात नळी घालतील. मला नको हाय ते. रमेशला सांगवत नाय, तो रडतो. तवा मला बोलता येणार नाय, मी टॅप करीन, दोनदा थापटीन. तू त्यांना सोडायला सांग."

"काहीतरीच काय बोलता ताई."

"काहीतरी नाय. तुलाच सांगतेय. तू एकदा चुकलीयस, म्हणून तुला सांगतेय."

मी हो म्हटलं. हे लिहिताना मला फार जड जातंय, पण मी स्पष्ट शब्दांत हो म्हटलं होतं.

एका पहाटे त्यांना घरी श्वास घेता येईना, रमेशने दवाखान्यात नेलं आणि जे कोणीही करील तेच केलं. मशीन लागलं. मला आत सोडलं ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला. तोंडात नळी, आणि ती ओढून काढू नये म्हणून दोन्ही मनगटं पट्टीने पलंगाला बांधलेली. ती मनगटं... मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. डोळे उघडे होते, मला ओळखत होते. त्यांनी माझ्या तळहातावर दोनदा थापटलं.

मी म्हटलं, "बरं वाटेल हं ताई."

त्यांनी पुन्हा थापटलं, दोनदा. सिस्टर म्हणाली की पेशंटच्या हातांची अशी हालचाल होते, तिला अर्थ नसतो. मी मान डोलावली. इतकी वर्षं तो हात माझ्या अंगावर थापटत होता, आणि मी मान डोलावली.

बाहेर डॉक्टर उभे होते. रमेश, त्याची बायको, बेलपाड्याचे दोन चुलते, सगळे गोळा झालेले. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की फुप्फुसं सुधारणार नाहीत, फक्त दिवस लांबवता येतील, आणि विचारलं, "याबद्दल त्या आधी कधी काही बोलल्या होत्या का?" रमेश म्हणाला, "नाय, आत्या कधी काय बोलली नाय." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "तुमी तर रोज असायचा, ताई. तुमाला काय बोलली का?"

चुलते बघत होते. आमची माणसं मशीनवरून काढायला सांगणारी ही कोण, असं ते म्हणतील, वरच्या आवाजात म्हणतील, सगळ्या पॅसेजसमोर... माझ्या गालावर तो जुना चटका आला. मी म्हणाले, "नाही. मला काही बोलल्या नाहीत." हात मी जोडले नव्हते, एवढाच काय तो फरक.

मार लागू नये म्हणून मी विद्या निवडली, नोकरी निवडली, आणि त्या दिवशी शब्दही तसाच निवडला. मला त्यांना सोडवतही नव्हतं, हेही तितकंच खरं. पण स्वतःला ही सवलत देताना मला ताईंचं वाक्य आठवतं, ज्याचा गळा त्याने ठरवायचं.

त्यानंतर अकरा दिवस त्या तशाच होत्या. मी रोज पाचला जायची. दुसऱ्या दिवशी मी हात पुढे केला तर त्यांनी मूठ मिटून घेतली. तिसऱ्या दिवशीही मिटलेली. सिस्टर म्हणाली की बोटं आखडतात अशी, आणि शेवटच्या आठवड्यात तसं असेलही, तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. पण त्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं होतं आणि मग मूठ मिटली होती. थापटलं तर पुन्हा नाहीच.

तेराव्याला जेवणं झाल्यावर मी रमेशला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. कायदा, त्यांनी मला दिलेलं काम, माझं हो, माझं नाही. मला वाटलं, आता हा बोलेल ते मुकाट ऐकून घ्यायचं. तो इतकंच म्हणाला, "ताई, तवाच सांगायचं होतंत... मी काय मारलं असतं का तुमाला?" आणि हॉलची चावी माझ्या हातात देऊन पंगतीत वाढायला निघून गेला.

चावी माझ्याकडे आहे. संध्याकाळी मी हॉल उघडते. मोठ्या मुली लहानांना शिकवतात, सारखं कुठे ना कुठे थापटल्याचा आवाज येतो आणि लगेच पकड सुटते. एका कोपऱ्यात ताडपत्री पुन्हा उसवली आहे, दाभण तिथेच खोचलेलं आहे. मुली म्हणतात, "ताई, तुम्ही पण या ना गादीवर." मी ड्रेस घालून दाराशी बाकावर बसते. मागच्या वेळी महिन्याभराने मला ऊठ म्हणायला कुंदाताई होत्या.