उंबराला बांधलेली साडी

यशोदाच्या नवऱ्याची नोकरी पाण्यात आहे, असं तिच्या कॉलनीतल्या बायका हसून सांगायच्या, आणि सुरुवातीला तिलाही हसूच यायचं. नाशिक रोडच्या बौद्ध कॉलनीत वाढलेली पोर ती. दारापुढे सार्वजनिक नळ, नळावर रोजची भांडणं, एका घरात रेडिओ लागला की सहा घरांत ऐकू जायचा. एक हाक मारली तर अख्खी गल्ली गोळा होणार. तिला नवरा मिळाला शिक्षक, जयराम पगारे. शिक्षक जावई म्हणजे तिच्या बापाची छाती काय फुगली होती म्हणून सांगू! आणि सरकारनं त्या जावयाला उचलून टाकलं कुठे, तर इगतपुरी तालुक्यातल्या उंबरमाळ नावाच्या वाडीवर.

उंबरमाळ पूर्वी साधी टेकडीवरची वाडी होती. धरण झालं, खालच्या वाड्या उठल्या, त्यांना दुसरीकडे जागा मिळाल्या. उंबरमाळ उंचावर, ती कागदावर बुडतच नव्हती. बुडत नाही तर उठवायची कशाला? झालं. पाणी चढलं आणि वाडी मधोमध तशीच राहिली. उन्हाळ्यात मागच्या अंगाला चिखलातून एक वाट निघायची, पण आषाढ लागला की चहूकडे पाणी आणि ये-जा करायला लहानूची एकच नाव. बेट म्हणजे काय, हे जयराम गुरुजी भूगोलाच्या पुस्तकातून शिकवायचे, तेव्हा पोरं पुस्तकात न बघता दाराबाहेर बघायची.

वर्षभर जयराम तिथं एकटाच हात भाजत राहिला, कारण यशोदा बाळंतपणाला माहेरी होती. मुलगी झाली. नाव ठेवलं संघमित्रा. ती दहा महिन्यांची झाली, रांगायला लागली, तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात यशोदा लेक, एक ट्रंक आणि स्टोव्ह घेऊन नावेत बसली. नवऱ्यानं विचारलं, "भीती वाटते का?" तर म्हणते कशी, "छे, मला काय होतंय!" आणि जयरामच्या सदऱ्याचं टोक काही तिनं किनारा येईपर्यंत सोडलं नाही.

शाळेच्या मागची खोली हेच त्यांचं घर. वाडीतल्या बायका वाईट नव्हत्या, पण गुरुजी कुठल्या समाजाचे हे त्यांना नावेच्या आधी कळलं होतं. लांबून बघायच्या, हसायच्या, उंबऱ्याच्या आत कुणी यायची नाही. यशोदानं चहाला बोलावलं की प्रत्येकीला नेमकं तेव्हाच काम निघायचं. तिला राग यायचा, आणि राग काढायला समोर कुणी नसायचं, हा आणखी ताप. बोलणारं माणूस नसलं की माणूस कसा होतो हे तिला महिन्याभरात कळलं. ती स्टोव्हशी बोलायला लागली.

एकच म्हातारी यायची, बयाबाई. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, माणूस सावलीसारखं दिसायचं, पण काठी टेकत यायची, खुशाल भिंतीला टेकून बसायची आणि चहा मागून घ्यायची. "मला दिसतच नाय, मंग कुनाच्या घरातला चहा ह्ये मला काय ठावं?" म्हणायची आणि तोंड उघडून हसायची. संघमित्रा हे नाव तिच्या जिभेवर बसेना. तिनं पोरीचं संगी करून टाकलं आणि मग सगळ्या वाडीनं तेच उचललं.

भादव्यातला बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी वाडी ओस पडायची. हिंडतीफिरती सगळी माणसं सकाळच्या नावेनं पलीकडे जायची, तिथून चालत घोटीला. जयरामलाही पगार आणायचा होता. संगीला रात्री दोन जुलाब झाले होते, पण सकाळी खेळत होती. तो म्हणाला, "थांबू का?" यशोदाच म्हणाली, "जा हो, दात येत असतील. येताना ग्राइपवॉटर आणा."

नाव गेली आणि पोरीनं उलटी केली. मग थांबेचना. वरून उलटी, खालून पाणी. यशोदानं मीठ-साखरेचं पाणी पाजलं, ते आलं तसं बाहेर पडलं. दुपार व्हायच्या आधी पोरीची टाळू खोल गेली, डोळे आत गेले, रडण्याचा आवाज मांजराच्या पिल्लाएवढा झाला. यशोदा पोरीला घेऊन बयाबाईच्या दारात धावली. म्हातारीनं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"पोरी, ह्ये साधं नाय," बयाबाई म्हणाली. "लहानूला बोलीव. हिला पल्याड दवाखान्यात न्ये."

"कशी बोलवू? इथून हाक जाते का?"

"हाक नाय जात. उंबराला फडकं बांध. पान्याकडंच्या फांदीला. त्यो दिवसभर बघत असतो. वर बांध, लांबून दिसंल आसं."

लहानूची झोपडी पलीकडच्या काठावर. काठावरचा एकुलता एक उंबर तिकडून स्वच्छ दिसायचा. पोरीला म्हातारीच्या मांडीवर ठेवून यशोदा खोलीत आली. ट्रंक उघडली. लांबून काय दिसेल? रोजची लुगडी हिरवी, निळी, विटलेली. झाडाच्या पाल्यात ती कुठं दिसणार! तळाशी तिची लग्नातली साडी होती. पांढरीशुभ्र. त्या साडीत तिनं नवऱ्याशेजारी उभं राहून पंचशील म्हटलं होतं, बुद्धपौर्णिमेला आई तीच नेसायला लावायची. घरात यापेक्षा चांगलं, यापेक्षा उजळ काही नव्हतं. तिनं दोनदा विचारसुद्धा केला नाही. पदर खोचून ती उंबरावर चढली आणि साडीचं एक टोक करकचून फांदीला बांधलं. वाऱ्यानं साडी अशी फडफडली की तिला वाटलं, आता ही घोटीतूनसुद्धा दिसेल.

आणि खरंच, पलीकडे लहानू झोपडीतून बाहेर आला. ठिपक्याएवढा दिसत होता. त्यानं डोळ्यांवर हात धरून बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढली, थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणि वळून रस्त्याला लागला. नाव काठाला तशीच बांधलेली.

यशोदाला वाटलं, शहाणा माणूस आहे, डॉक्टरलाच घेऊन येतोय. जीव भांड्यात पडला तिचा. पळत जाऊन तिनं म्हातारीला सांगितलं, "आजी, बघितलं त्यानं! मला टोपी काढून रामराम केला आणि लगेच घोटीकडे गेलासुद्धा!"

बयाबाई पोरीच्या अंगावरून हात फिरवत होती. तो हात थांबला.

"टोपी काढली?"

"हो."

"पोरी, फडकं कंच्या रंगाचं बांधलंस?"

"पांढरं. माझी साडी."

म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला. "आगं माझे बाय! पांढरं मयताचं आसतं गं! आजाऱ्याला तांबडं. तांबडं बघितलं की त्यो नाव घालतो. पांढऱ्याला कशाची घाई? आधी बाजारात जाऊन मानसं गोळा करतो, लाकडं घेतो, मंग येतो. रंग सांगायचा राह्यला गं माझा. हितं शेंबड्या पोराला ठावं हाय, तुला ठावं नसंल आसं मनातच आलं नाय!"

म्हातारीच्या आढ्याला लाल फडकं खोचलेलं होतं. वाडीतल्या प्रत्येक घरात असायचं. यशोदानं ते ओढून काढलं, पुन्हा उंबरावर चढली, साडी सोडवली, लाल बांधलं. गाठ दोनदा सुटली. बांधून झालं. फडकं छान फडकत होतं. बघायला पलीकडे कुणीही नव्हतं.

ती ओरडली. लहानू, ओ लहानूभाऊ, म्हणून ओरडली, मग नवऱ्याला नावानं हाक मारून ओरडली, जी तिनं आयुष्यात कधी मारली नव्हती. आईला हाक मारली. पाण्यावरून काहीच परत आलं नाही. कॉलनीत असती तर पहिल्याच हाकेला गल्ली धावली असती, कुणी रिक्षा आणली असती, कुणी फुकटचे सल्ले दिले असते. इथं गुरं राखणारी दोन पोरं टेकडीवरून खाली आली, तिच्याकडे बघत उभी राहिली आणि घाबरून तीच रडायला लागली. पोहता येत असतं तर ती पाण्यात उतरलीसुद्धा असती. गुडघाभर उतरली, पाय सरकला, परत फिरली. पोरगी काठावर, मागून आलेल्या म्हातारीच्या मांडीवर होती.

मग करायला काही उरलंच नाही. चमचा चमचा पाणी ओठांना लावायचं आणि पलीकडच्या काठाकडे बघत बसायचं. बयाबाई सारखी विचारायची, "आली का गं नाव?" यशोदा म्हणायची, "नाही." दुपार सगळी यातच गेली.

उन्हं कलली तेव्हा नाव सुटली. एकदा पांढरं दिसल्यावर उंबराकडे पुन्हा कुणी बघितलं नव्हतं, आणि वारा पडून लाल फडकं पाल्यात लपलं होतं. यशोदानं लेकीला छातीशी धरलं. पोरगी अजून धुगधुगत होती. "आली, आजी, आली!" म्हणत ती पाण्याच्या कडेला गेली, आणि नाव जवळ आली तसं तिला नावेतलं दिसायला लागलं. मधोमध लाकडं रचलेली. लाकडांच्या दोन्ही बाजूंना बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या. कोण गेलं हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्याच्या घरी म्हातारं माणूस होतं तो आपल्या म्हाताऱ्यासाठी रडत होता. जयराम एका टोकाला बसून होता, हातात ग्राइपवॉटरची बाटली.

काठावर बयाबाई दिसली, मागून एकेक म्हातारं बाहेर येऊन उभं राहिलं, तसं नावेतलं रडणं थांबायला लागलं. आपलं माणूस धड आहे हे कळल्यावर चेहरा कसा सुटतो, ते यशोदानं त्या दिवशी एकामागून एक बघितलं. त्यांचा काही दोष नव्हता. तरी तिला ते चेहरे पुढे कधी विसरता आले नाहीत.

"जिवंत आहे!" ती ओरडली. "माझी पोरगी जिवंत आहे, नाव फिरवा!"

कुणाच्या काही लक्षात येईना. आलं तेव्हा माणसांनी उड्या टाकल्या. पण लाकडांनी नाव पाण्यात खोल बसली होती, ती उतरवल्याशिवाय घाईनं हाकणं शक्य नव्हतं. ज्या बायकांना यशोदाच्या चहाच्या वेळी नेमकं काम निघायचं, त्या साड्या वर खोचून ओंडके फेकायला लागल्या, हात सोलले तरी थांबल्या नाहीत. लहानू वल्ही मारत होता आणि लहान पोरासारखा हुंदके देत होता. संगी मधल्या पाण्यात गेली. आईच्या मांडीवर, नाव चालू असताना. लहानू वल्ही मारतच राहिला. थांब म्हणून सांगायचं धाडस कुणालाच झालं नाही.

"पांढरं कुणी बांधलं?" परत येताना जयरामनं एवढंच विचारलं.

"मी."

वर्षभर तो त्या वाडीत राहिला होता. तांबडं कशाचं, पांढरं कशाचं, हे त्याला ठाऊक होतं, आणि बायकोला सांगायचं मात्र राहून गेलं होतं. पुढे आयुष्यभर त्या दोघांनी हा विषय काढला नाही. म्हातारी म्हणायची, चूक माझी. लहानू म्हणायचा, माझी. आणि यशोदा कुणाशीच भांडू शकली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

एवढ्याशा लेकराला लाकडं लागत नाहीत. शाळेच्या मागे माती दिली. ओंडके उंबराखाली तसेच पडून राहिले. त्या पावसाळ्यात वाडीत सुकं सरपण नव्हतं, चुली धुरानं डोळे काढायच्या, पण त्या लाकडांना कुणी हात लावला नाही. यशोदा रोज पाण्याला तिथूनच जायची. लाकडांवर आधी भूछत्रं आली, मग ती कुजली.

बाप न्यायला आला होता. "चल घरी, खड्ड्यात गेली ती नोकरी," म्हणाला. ती गेली नाही. पोरीला इथं एकटी कशी ठेवू, म्हणाली. ज्या पाण्यानं तिला कोंडलं त्याच्याच मध्ये ती मुकाट्यानं राहिली. पुढे मुलगा झाला. बायका घरात यायला लागल्या, चहा प्यायला लागल्या. तेव्हा त्या चहात तिला गोडी वाटेना.

तीन वर्षांनी बयाबाई गेली. यशोदानं ट्रंकेतली तीच साडी काढली आणि स्वतःच उंबराला बांधली. पलीकडे लहानू बाहेर आला. त्यानं टोपी काढली नाही, घोटीच्या रस्त्याकडे बघितलंही नाही. धावत जाऊन नाव सोडली आणि जिवाच्या आकांतानं हाकत आला. कुणीतरी खेकसलं, "आरं, मयत हाय, लाकडं कुठं हायेत?" तो धापा टाकत म्हणाला, "लाकडं मागनं आनतो. आधी मला बघू द्या."

तेव्हापासून तो तसाच यायचा.

पंच्याऐंशी साली जयरामची बदली चांदवडला झाली. त्याच्या जागी आलेल्या मास्तरांची बायको कोवळी होती, कडेवर मूल, आणि पाण्याकडे बघायला धजत नव्हती. यशोदानं तिला चूल दाखवली, पाण्याची जागा दाखवली आणि मग हाताला धरून उंबराखाली नेलं.

"काही झालं, रात्री-अपरात्री सोडून, तर या फांदीला कापड बांध. नाव येते."

"कुठल्या रंगाचं?" त्या पोरीनं विचारलं. नावेत तिला कुणीतरी काहीबाही सांगितलं असावं.

यशोदानं शाळेच्या मागच्या बाजूला एकदा बघितलं.

"कुठलंही," ती म्हणाली. "आता कुठलंही चालतं."