ब्रेकला गोडं तेल

नवी नवरी असताना मी गाडीच्या ब्रेकला गोडं तेल पाजलं होतं. आज अंगणात नात चाकामागचा गंजून अडकलेला ब्रेकचा ड्रम ठोकतेय, त्या आवाजाने आठवलं. तेव्हा ह्यांच्याकडूनही ड्रम निघेना, आणि सकाळी मला माहेरी जायचं होतं. हे चहाला आत गेले. अडकलेली बांगडी तेलाने निघते, एवढंच माझं शास्त्र! वाटीभर ओतून ओढला, तर निघाला की! पण चाक धरून ठेवणारे आतले लायनर तेलाने माखले, ब्रेकच लागेना. त्या वयात सगळं झटक्यात सुटायला हवं असे; ब्रेकने घट्ट धरायचं असतं, हे त्या शहाणीला कुठून कळणार? माहेर हुकलं म्हणून डोळे भरले. हे हात पुसत म्हणाले, "चल, एसटीने जाऊ. तिच्या ब्रेकला तू अजून हात लावलेला नाहीस."