धोंडप्पांचा मोटारबंगला आणि मडिवाळप्पा फिटर

मडिवाळप्पा फिटरच्या पिशवीत दोन पाने, एक करवत, मूठभर पितळी नट आणि या सगळ्यांच्या वर, फडक्यात जपून गुंडाळलेली, कपडे धुवायच्या साबणाची वडी असायची. सोबत दाढीचा एक झिजलेला ब्रश. मडिवाळ म्हणजे कन्नडात परीट, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे त्याला चिडवायला कुणाला फारसं डोकं चालवावं लागत नसे. "काय मामा, आज कुणाची धुणी?" हे साखर पेठेतून जाताना त्याला दोन-चारदा तरी ऐकू यायचंच.

वीस वर्षं त्यानं मिलच्या बॉयलरवर वाफेच्या नळ्या जोडल्या. मिलचे दिवस फिरले तसा तो गावात नव्यानं निघालेल्या गॅसच्या एजन्सीत लागला. पहिल्याच आठवड्यात एका स्वयंपाकघरात वास येतोय म्हणून बोलावणं आलं, तेव्हा गळती कुठं आहे ते बघायला यानं काडी ओढली. काडीनं गळती तत्काळ दाखवली. बाईंचा पडदा गेला, कॅलेंडर गेलं आणि मडिवाळप्पाची डावी भुवई गेली, ती परत काही उगवली नाही. तेव्हापासून नळी जोडली की साबणाचा फेस करायचा, प्रत्येक सांध्याला ब्रशानं लावायचा आणि समोर मांडी घालून बघत बसायचं, हा त्याचा नेम झाला.

"मामा, झालं की न्हाय? भाताचं आधण ठेवायचंय," घरची बाई म्हणायची.

"फेसाला बुडबुडा आला न्हाय म्हंजे झालं," मडिवाळप्पा म्हणायचा आणि आणखी पाच मिनिटं बसायचा. एजन्सीतली तरणी मंडळी तेवढ्यात तीन घरं उरकून यायची. लोक म्हणायचे, माणूस चांगला हाय, पर लई भित्रा.

सन अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात या भित्र्या माणसाला टॉवेलचे कारखानदार धोंडप्पा मालकांचं बोलावणं आलं. मालकांनी पुण्याच्या लिलावातून एक अजब गाडी आणली होती. कुणी परदेशी साहेब मायदेशी जाताना ती टाकून गेला होता. बाहेरून बस, आत घर. चार जणांना झोपायला फळ्या, हात धुवायला तोटी, गॅसची शेगडी आणि गॅसवरचा फ्रीज. मालकांनी तिच्या दोन्ही अंगांना नाचरा मोर आणि कारखान्याचं नाव रंगवून घेतलं आणि तिचं नाव ठेवलं मोटारबंगला. अखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर सगळ्या कुटुंबानं तीत बसून पुण्याला जायचं आणि वाटेत गार ताक प्यायचं, असा बेत होता. सोलापूरच्या वैशाखात, चालत्या गाडीत, गार ताक! ही बातमी मालकांनी स्वतःच चार पेठांत पोचवली होती.

पण साहेबाचा फ्रीज गंजून गेला होता. मालकांचे मेहुणे ईरप्पा तीनदा मुंबईला जाऊन आले होते, म्हणून यंत्रांतलं त्यांना सगळं कळायचं. त्यांनी खटपट करून एका बंद पडलेल्या दवाखान्यातला, औषधं ठेवायचा, गॅसवर चालणारा दुसरा फ्रीज पैदा केला. आता फक्त "नळी लावायची" बाकी होती.

मडिवाळप्पानं फ्रीजला प्रदक्षिणा घातली. खाली वाकून आतली एवढीशी गॅसची वात बघितली. मागच्या पत्र्यावर इंग्रजीत काहीतरी कोरलेलं होतं, ते तो कागदावर जसंच्या तसं उतरवून हायस्कूलच्या मास्तरांकडून वाचून घेऊन आला. फ्रीज कुठल्या गॅसवर चालतो ते कळल्यावर मगच त्यानं पिशवी उघडली.

"मला एक सांगा," धोंडप्पा मालक म्हणाले, "खाली जाळ लावायचा आणि वर ताक गार व्हायचं, हे कसं काय?"

"आत औषधाचं पाणी असतंय, मालक. ते तापतंय, मागं नळ्यांतनं फिरतंय, आणि फिरताना आतली ऊब उचलून मागं टाकतंय. मिलच्या दवाखान्यात रॉकेलवरचा असलाच होता, वर्षानुवर्षं मीच पुसलाय."

"म्हंजे ऊब मागं पडणार?"

"व्हय. म्हणून मागं चार बोटं जागा ठेवायची. आणि गाडीच्या अंगाला दोन जाळ्या पाडायच्या, एक वर, एक खाली. वरनं ऊब जाईल. खालची कशाला, तर हा गॅस हवेपरीस जड. सांडला तर जमिनीला बसतोय. त्याला बाहेर जायला वाट पायजे."

"खालची जाळी कुटं येणार?"

मडिवाळप्पानं बोट दाखवलं. ते बरोबर मोराच्या पोटावर आलं.

मालकांचा चेहरा पडला. ईरप्पा म्हणाले, "दाजी, हे काम तासाभराचं हाय. शेगडीची रबरी नळी घ्यायची, तारेनं आवळायची. मुंबईत असंच करत्यात."

"गाडी हालती, साहेब," मडिवाळप्पा शांतपणे म्हणाला. "रबर घासून जाईल. तांब्याचीच नळी पायजे."

मालकांच्या बायको सुंदरम्मा दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मोराच्या पोटाला भोक पडू द्या की. माणसांच्या पोटाची काळजी करा."

मोराला भोक पडलं. मडिवाळप्पानं तीन दिवस घेतले. सिलिंडर गाडीच्या मागच्या, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात उभा बांधला. जुना रेग्युलेटर फेकून नवा बसवला. तांब्याची नळी जिथं जिथं पत्र्यातून गेली तिथं ती घासू नये म्हणून तिला रबराचं कडं घातलं. नट आवळताना एका पान्यानं सांधा धरायचा आणि दुसऱ्यानं फिरवायचा, म्हणजे नळीला पीळ बसत नाही. हे त्यानं ईरप्पांना करून दाखवलं. त्या वेळी ईरप्पा जांभई देत होते. मग फ्रीजवर पाणसळ ठेवून, खाली पाचर मारून, तो अगदी सपाट केला. मग साबण, मग मांडी.

"आता धुणी काढली," ईरप्पा बाहेर म्हणाले, आणि कारखान्यातले सगळे हसले. मालकाचा मेहुणा विनोद करतो तेव्हा हसायचं असतं.

बुडबुडा आला नाही. वात पेटली, निळी, कवडीएवढी. दुसऱ्या दिवशी आतल्या भांड्यात बर्फ झाला. मालकांनी त्याचा खडा तळहातावर घेऊन सगळ्या कारखान्यात फिरवला. मडिवाळप्पानं वात विझवली, सिलिंडरची चावी बंद केली आणि बजावलं, "गाडी चालताना ही बंदच ठेवायची. मुक्कामाला पेटवायची. आणि मी येईस्तोवर फ्रीजला हात लावू नका."

अखितीला सकाळी दहाचा मुहूर्त होता. बँड आला, पाहुणे आले, वर्तमानपत्राचा माणूस आला. ईरप्पा नऊलाच गाडीत शिरले होते. फ्रीज भिंतीच्या चार बोटं पुढं आलेला त्यांच्या डोळ्यांना खुपत होता; फोटोत तो नीट दिसला नसता. त्यांनी खांदा लावून तो मागं सारला. खालच्या जाळीतून धूळ येत होती, तर तिच्यात कारखान्याचेच दोन टॉवेल कोंबले. पाहुण्यांना थंडावा दाखवावा म्हणून बाहेर जाऊन सिलिंडर चालू केला आणि आत येऊन फ्रीजची वात पेटवायला गेले, पण तिचा खटका काही त्यांना सापडला नाही. तेवढ्यात बँड सुरू झाला. ईरप्पा खिडक्यांचे पडदे सोडून, दार ओढून फेटा बांधायला गेले. चावी तशीच राहिली.

मडिवाळप्पा पावणेदहाला आला, धुतलेलं धोतर नेसून, प्रसादाला. पूजा सांगायला आलेले स्वामी ताट घेऊन पायरीशी उभे होते. ताटात निरांजन पेटलेलं, कापूर रचलेला. धोंडप्पा मालकांनी गाडीचं दार उघडलं.

मडिवाळप्पाच्या नाकाला काहीतरी लागलं. तो गर्दीतून पुढं आला, पायरीवर गुडघा टेकून दारातल्या जमिनीशी तोंड नेलं. बघणाऱ्यांना वाटलं, गाडीला नमस्कार करतोय. मग तो झटकन उठला, पायरीवर चढला आणि दोन्ही हात पसरून दारात उभा राहिला.

"दिवा मागं घ्या. स्वामी, पाया पडतो, ताट लांब न्या."

बँड थांबला. "काय झालं?" मालकांनी विचारलं.

"आत गॅस सुटलाय."

"कुटं सुटलाय? लसणाचा वास हाय तो," ईरप्पा पुढं आले. "शेंगाचटणी भरून ठेवलीय वाटंत खायला. ह्या माणसाला चटणी आणि गॅस कळंना!"

पाहुण्यांनी नाकं वर केली. काही जण म्हणाले चटणीच. एका काकांनी तर लसूण गावरान आहे, इथपर्यंत सांगितलं.

"मुहूर्त चाललाय, मडिवाळप्पा," मालक दात आवळून म्हणाले. "चार लोकांत शोभा करू नका. व्हा बाजूला."

एजन्सीची नोकरी या मालकांच्या एका शब्दानं जाऊ शकते, हे मडिवाळप्पाला कळत होतं. पण हात काही खाली येईनात. "मालक, मला मारा पायजे तर. पर दिवा आत जाणार न्हाय."

"लई भित्रा बुवा!" ईरप्पांनी खिशातून काड्याची पेटी काढली. "थांबा, मी काडी ओढून दाखवतो. म्हंजे कळंल सगळ्यांना."

"बेडा! बेडा रे बेडा!" मडिवाळप्पा कन्नडात ओरडला. नको म्हणायला त्या क्षणी त्याला मराठी सुचलीच नाही.

"ईरप्पा, पेटी खाली टाक," मागून आवाज आला. सुंदरम्मा बायकांतून वाट काढत आल्या होत्या. "चटणीचा डबा अजून घरात हाय. चुलीपाशी. मी स्वतः ठेवलाय. गाडीत चटणी न्हाईच."

मग स्वामी ताट घेऊन मागं सरले, आणि त्यांच्या वयाच्या मानानं बरेच भरभर सरले. त्यांच्यामागे पाहुणे, त्यांच्यामागे बँड. लसूण गावरान म्हणणारे काका तर रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. ईरप्पा कुठं गेले ते कुणालाच दिसलं नाही.

मडिवाळप्पानं धावत जाऊन सिलिंडर बंद केला. ठिणगी उडेल म्हणून गाडीतल्या दिव्याच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही. दार, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, जाळीतले टॉवेल उपसले आणि त्यातलाच एक ओला करून जमिनीलगत वारा घालत, केर लोटावा तसा गॅस दाराबाहेर लोटत राहिला. वास पार गेल्यावर त्यानं साबणाचा फेस केला, सांध्याला लावला आणि सिलिंडरची चावी जराशी उघडली. फ्रीज सारल्यानं नळी वाकली होती, नटाचं तोंड तिरपं झालं होतं. फेसातून लिंबाएवढा बुडबुडा फुगला.

"या मालक, बघा," तो म्हणाला आणि चावी फिरवून बंद केली.

धोंडप्पा मालक वाकले. बुडबुडा फुटला तसे दचकून मागं झाले आणि त्यांचा फेटा निसटला. तो हातात धरून ते गाडीच्या पायरीवर टेकले. मग हळूच म्हणाले, "पोरं-बाळं सगळी आत बसणार होती."

मुहूर्त टळून गेला होता. स्वामींनी कापूर बाहेरच ओवाळला आणि माणसं जिवंत आहेत तोवर मुहूर्त पुष्कळ आहेत, असं सांगून सगळ्यांची समजूत घातली. मडिवाळप्पानं धोतर खोचून सांधा कापून नवा बांधला आणि फ्रीज पुन्हा चार बोटं पुढं ओढला. गाडी दुसऱ्या दिवशी निघाली. ती टेंभुर्णीपर्यंत गेली. तिथं मुक्कामी वात पेटवली खरी, पण गार झालं का बघायला सतरा माणसं पाळीपाळीनं दार उघडत राहिली आणि ताक होतं तसंच कोमट राहिलं. शेवटी सगळ्यांनी रस्त्यावरच्या दुकानात बर्फ घातलेला उसाचा रस घेतला आणि गाडी माघारी फिरली.

वर्तमानपत्रात मात्र बातमी आली. 'उद्योगपतींच्या मेहुण्यांची समयसूचकता: मोठा अनर्थ टळला'. खाली ईरप्पांचा फेट्यातला फोटो. शेवटच्या ओळीत 'एका कामगारानेही मदत केली' असं होतं. नागव्वानं, म्हणजे मडिवाळप्पाच्या बायकोनं, शेजारणीकडून ती ओळ वाचून घेतली आणि दोन दिवस मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मडिवाळप्पा म्हणाला, "सांध्यावर कुणाचं नाव कोरलेलं असतंय व्हय?"

बातमीचा परिणाम असा झाला, की पावसाळ्यात एका महिला मंडळानं 'घरगुती गॅस आणि सुरक्षितता' या विषयावर ईरप्पांचं व्याख्यान ठेवलं. व्याख्यानात दाखवायचा सिलिंडर उचलून न्यायला एजन्सीनं मडिवाळप्पाला पाठवलं. तो मागच्या भिंतीशी उकिडवा बसला. ईरप्पांनी पाऊण तास भाषण केलं. त्यात मुंबई होती, स्वतःचं धैर्य होतं आणि मधे मधे गॅसही होता. "माता-भगिनींनो," ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "काडी ओढून गळती कधी बघू नका! साबणाचं पाणी लावा!" समोरच्या साठ-सत्तर बायकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत सुंदरम्मा बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून मडिवाळप्पाकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मडिवाळप्पा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता.

घरी आल्यावर नागव्वानं ताट वाढता वाढता विचारलं, "काय बोलला तो शाणा?"

मडिवाळप्पानं भाकरी मोडली. "चांगलं बोलला की. दोनच गोष्टी चुकीच्या सांगितल्या. त्या मी जिन्यात बायकांना नीट करून सांगून आलोय."