पाला उडवायची दोन मशिनं

माझ्या बायकोची कंबर धरली आणि त्यामुळे माझी इज्जत धोक्यात आली.

हुमनाबादच्या डॉक्टरांनी शकूला बजावलं, तीन महिने वाकायचं नाही. दिवस पानगळीचे. हळ्ळीखेडातल्या आमच्या अंगणात एक कडुलिंब आहे आणि त्या दिवसांत तो चोवीस तास पाला टाकतो (आमच्या खात्यात एवढं काम करताना मी कोणाला पाहिलं नाही). बाई लावू म्हटलं तर शकू म्हणाली, "माझं अंगण दुसरीनं झाडल्यालं मला चालत न्हाई." म्हणजे मीच! मी नुकताच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेलो. अंगणाला कुंपण तारेचं, पलीकडे बसस्टँडचा रस्ता, आणि त्या रस्त्यानं जाणारा दर दुसरा माणूस माझी छडी खाल्लेला. श्रमप्रतिष्ठेवर मी तीस वर्षं निबंध लिहून घेतले होते. पण हातात झाडू घेऊन या पोरांसमोर उभं राहायची मला खरोखर लाज वाटत होती.

माझा मेव्हणा मारुती हैदराबादला कंप्यूटर कंपन्यांच्या बागा सांभाळायचा. बहिणीला बघायला आला तो दोन मशिनं घेऊनच. लांब नळी, तिच्यातून वारा सुटणार आणि पाला उडून बाजूला! एक बॅटरीचं, एक पेट्रोलचं.

"भावजी, आठ दिवस दोन्ही चालवून बघा. पसंत पडंल ते ठिवा, दुसरं मी घिऊन जातो."

"पर चांगलं कुठलं?"

"दोन्ही चांगली हायत. बॅटरीचं आवाज करत न्हाई, पेट्रोलचं थांबत न्हाई."

एवढ्यावर माणसानं निर्णय कसा घ्यावा? तरी माझा जीव भांड्यात पडला. हातात मशीन असलं की माणूस झाडूवाला नसतो, इंजिनियर असतो!

पहिल्या सकाळी इस्त्रीची पँट घालून बॅटरीचं मशीन चालवलं. रस्त्यावरचे लोक थांबून पाहू लागले, म्हणून मीही जरा सावकाशच हिंडलो. बरोबर अर्धं अंगण स्वच्छ झालं आणि मशीननं मान टाकली. चार्जिंगला लावावं तर करंट गेलेला. तो आला दुपारी. बॅटरी भरली दिवेलागणीला. मी मशीन उचललं तशी शकू आतून ओरडली.

"अवं, दिवे लागलेत! तिन्हीसांजंला कामून झाडायलाव? लक्ष्मी जाईल की घरातून!"

"ह्यो झाडू न्हाई, मशीन हाय."

शकूनं शांतपणे विचार केला. "मग तर लईच वाईट. झाडू निदान गोळा तरी करतो. हे सरळ घराबाहेर फुकायलंय! लक्ष्मी पार बिदरला जाऊन पडंल."

मी मशीन परत ओट्यावर ठेवलं. दुसऱ्या सकाळी उरलेलं अर्धं झाडलं, तोवर आदल्या दिवशीचं अर्धं पुन्हा पाल्यानं भरलेलं. तीन दिवस मी असा अर्ध्या अंगणाचा मालक होतो.

चौथ्या दिवशी पेट्रोलचं काढलं. दोरी ओढली. ढिम्म. पुन्हा ओढली. ढिम्म. अकराव्या ओढीला ते असं गरजलं की आमची मांजर जी पळाली ती दोन दिवसांनी जेवायला आली! पण बघता बघता अंगण लख्ख. मला वाटलं, झाला निर्णय. पाला गेला कुठे हे मात्र मी पाहिलंच नव्हतं. तो गेला होता शेजारच्या गंगाक्काच्या अंगणात, मळून ठेवलेल्या तुरीच्या ढिगावर. चार दिवस वारा पडला होता, म्हणून तिची तूर वाऱ्यावर उपणायची राहिली होती.

गंगाक्का पदर खोचून कुंपणाशी आली. "अय्यो सर! तुमचा पाला आमच्या तुरीत कामून घालायलाव?"

मी दचकून तिच्याकडे वळलो, तर नळीही माझ्याबरोबर वळली! ढिगावरचा पाला आणि भुसकट भुर्रकन उडालं आणि खालची स्वच्छ तूर दिसू लागली. गंगाक्का भांडण तिथेच विसरली.

"सर, हे वारं देतंय की! थांबू नगा, मारा!"

मारलं. गडबडीत जोर जास्त झाला. भुसकट गेलं, पाठोपाठ तूरही रस्त्यावर गेली. गल्लीतल्या कोंबड्यांनी त्या दिवशी सण केला.

"हे लई दांडगं हाय," गंगाक्का तूर वेचत म्हणाली. "ते मुकं आणा."

ती सुपातून तूर सोडायची आणि मी बॅटरीचं मशीन धरायचो. दाणा खाली, भुसकट बाजूला, अगदी झकास. बातमी पार दुबलगुंडी गावापर्यंत गेली. सहाव्या दिवशी आमच्या कुंपणापाशी रांग लागली! एक म्हणे, हरभऱ्याला बॅटरीच बरी. दुसरा म्हणे, पेट्रोलशिवाय काम उरकत नाही. मध्येच कोणी विचारी, "सर, तुमचं मत काय?" माझं मत? मशीन कशासाठी आणलं होतं हेच मला आठवेना! दोन्ही मशिनं लोकांच्या खळ्यांवर गेली. कडुलिंब आपलं काम करतच होता.

सातव्या दिवशी शकूला तो पाला बघवेना. ती उठली, झाडू घ्यायला वाकली आणि "आई गं" म्हणून तिथेच थांबली.  धावत जाऊन मी झाडू उचलला आणि रांगेतल्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या देखत कमरेत वाकलो. कान लाजेनं तापले होते. कोण हसतंय म्हणून वर पाहिलं, तर कोणाचंच लक्ष नाही! सगळे मशीन कधी येतंय म्हणून रस्त्याकडे डोळे लावून उभे. तीस वर्षांचा माझा दरारा, आणि एवढी माझी किंमत! एकटी गंगाक्का तेवढी म्हणाली, "सर, कोपरा राह्यला."

आठव्या दिवशी मारुती आला तेव्हाही मी झाडतच होतो. भुसकटानं माखलेली दोन्ही मशिनं ओट्यावर परत आली होती.

"मग भावजी, कुठलं ठिवायचं?"

"ह्याला करंट लागतो, ते शेजाऱ्याकडं पाला धाडतंय... मला कायबी कळंना बघ."

"त्यांना काय इचारतूस, मला इचार," शकू खुर्चीतून म्हणाली. "दोन्ही घिऊन जा. मला हे तिसरं पसंत हाय. करंट लागत न्हाई, पेट्रोल लागत न्हाई, दोन कप चहावर सगळं अंगण हुतंय. आवाज तेवढा पेट्रोलवाल्यासारखा हाय, पर घिऊ चालवून."

मारुती दोन्ही मशिनं घेऊन गेला. तीन महिन्यांत शकूची कंबर ठणठणीत बरी झाली. मला परत न्यायला मात्र अजून कोणी आलेलं नाही!