जीप आपोआप खाली येत होती

ती जीप आजही माझ्या डोळ्यांसमोर खाली येते. हळूहळू, कुणी हात न लावता, भर दुपारी.

मी तेव्हा इंदूरच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडे त्याला टी.आय. म्हणतात. गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, रस्त्यावर नव्या नव्या गाड्या दिसू लागल्या होत्या आणि गिरणीतून निघालेली माणसं मिळेल ते काम धरत होती. बडा गणपतीच्या पुढे एका शेठनं गॅरेज काढून गाडी उचलायची लिफ्ट बसवली होती. दोन लोखंडी खांब, त्यांना हात. बटण दाबलं की आख्खी गाडी डोक्याच्या वर. तिथले दोन्ही मिस्त्री एकाच गिरणीतले फिटर, घरंही शेजारी.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. देपालपूरच्या एका व्यापाऱ्याची गाडी लिफ्टवरून कोसळली आणि खाली पाटावर बसून काम करणारा मिस्त्री जागीच गेला. आम्ही मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला, पंचनामा केला, गॅरेजला सील लावलं. सरळ अपघात दिसत होता. मग ठाण्यात फोन आला. बोलणारा नाव सांगेना.

"एक्सीडेंट नी है, साहब. दोनों का झगड़ा पता करो."

पता केला. शेठनं सांगून ठेवलं होतं की दिवाळीनंतर दोघांपैकी एकालाच ठेवीन. त्यावरून दोघांचं भर गॅरेजात वाजलं होतं. गाडी पडली तेव्हा दुसरा मिस्त्री लिफ्टच्या खांबाला टेकून उभा होता, आणि गाडी उतरवताना ओढायचा लीवर त्याच खांबावर. आणखी काय हवं?

मयताची बायको रोज ठाण्यात येऊन बाकावर बसायची. रडायची नाही. मी दिसलो की एकच विचारायची, "साहेब, त्याला फाशी होईल ना? माझ्या हातची पोळी खाल्लीय मेल्यानं."

चौकशीत मी गोड बोलणारा नव्हतो. त्या मिस्त्रीला उभा ठेवला, बसवला, ओरडलो, गप्प राहिलो. खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्टीत थोडी भर घालतो. हा एका शब्दानं हलत नव्हता.

"हमने लीवर को हाथ नी लगाया, साहब. अपने आप उतरी."

शेवटी मी म्हटलं, ते राहू दे, त्या मशीनबद्दल बोल. तेव्हा तो मोकळा झाला. नवी होती तेव्हा फार कटकट करायची म्हणे. गाडी वर जाताना खट्, खट्, खट्. एकाचं बोटही चेमटलं तिनं. पण दसऱ्याला पूजा केल्यापासून एकदम शांत झाली. "सेठ को भी बताया हमने. बोले, अच्छा है, देवी मान गई."

हे मी डायरीत शब्दशः उतरवून घेतलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दोन पंच, परिवहन खात्याचा तपासनीस, शेठ आणि त्या मिस्त्रीला घेऊन आम्ही गॅरेजचं सील काढलं. शेठनं आत जाताच आधी लिफ्टच्या खांबाला उदबत्ती ओवाळली. ठाण्याचीच जीप लिफ्टवर चढवून वर नेली. आवाज नाही. तेलाचा जरासा वास, बाकी काही नाही. सगळ्यांना मी भिंतीपाशी उभं केलं.

आधी काहीच झालं नाही. मग हवालदारानं माझी बाही धरली. जीप खाली येत होती. डोळ्यांना हलताना दिसत नव्हती, पण नजर वळवून परत पाहिलं की चाकं जमिनीच्या जवळ. एखादं जनावर दबा धरून सरकतं तशी. शेठ पुटपुटत हात जोडून उभा. आणि मग, कमरेइतकी उरली असताना, ती एकदम धाडकन खाली आदळली.

आरोपी हमसून रडू लागला.

तपासनीसानं कारण दाखवलं. लिफ्ट तेलाच्या दाबावर उभी राहते, आणि ते तेल अडवणारं सील गळत होतं. अशा वेळी गाडी धरून ठेवायला खांबात लोखंडी अटकाव असतो. वर जाताना खट्‌खट् वाजतो तो तोच. लीवर ओढला तरच तो सुटतो. इथे लीवर कायमचा ओढलेलाच होता. खांबाभोवती वेढे घालून, करकचून, पूजेच्या लाल धाग्यानं. वर हळदकुंकू. पूजेचा म्हणून पंचनाम्याच्या वेळी आम्हीही त्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

फोटो काढून झाल्यावर धागा सोडायला कुणी पुढे येईना. "रहने दो साहब, चढ़ाया हुआ है," हवालदार म्हणाला. मीच सोडला. लीवर झटक्यानं जागेवर आला. रिकामी लिफ्ट वर नेली आणि सगळ्यांनी ऐकलं: खट्, खट्, खट्.

"हा बांधला कुणी?" मी विचारलं.

शेठ म्हणाला, "वहिनींनी. जो गेला त्याच्या बायकोनं. दसऱ्याला थाळी घेऊन आल्या होत्या. नवऱ्याला काही होऊ नये म्हणून."

दुसऱ्या मिस्त्रीला सोडलं. सूचना मिळूनही मशीन न तपासल्याबद्दल शेठवर निष्काळजीपणाचा गुन्हा लावला. तोच खरा दोषी होता, आजही माझं तेच मत आहे. आवाज करणाऱ्या यंत्राला लोक घाबरतात आणि गप्प झालेल्यावर विश्वास टाकतात. घाबरायचं उलट असतं, एवढं त्या गॅरेजनं मला शिकवलं. आता कुठेही गाडी दाखवायला गेलो की आधी लीवर मोकळा आहे का ते बघतो. पोरं हसतात, हसू देत.

पण त्या बाईला सांगायचं राहिलं होतं. कोर्टात वकिलाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं, म्हणून मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. शेठचा दोष दोनदा सांगितला. ती ऐकत राहिली.

"म्हणजे त्यानं नाही केलं," ती म्हणाली.

"नाही."

मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आमचे हे म्हणाले होते, धागा जरा सैल बांध. मीच ऐकलं नाही, साहेब. म्हटलं, सुटला तर?"